रेघेतला घोडा



वसंत व्याख्यानमाला ही महाराष्ट्राची जुनी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात तिचा आरंभ झाला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावोगावी लोक एकत्र बसून कोणाचे तरी चार शब्द ऐकत आले आहेत. या व्यासपीठावर राजकारण येते, अर्थकारण येते, संतांचे वाङ्मय येते, शेतीचे आणि पाण्याचे प्रश्न येतात. अशा थोर पाहुण्यांच्या पंक्तीत आम्ही आज ज्याला आणून बसवीत आहोत, त्याला पाहून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर जातील. आमचा विषय आहे चित्रकथा. ज्याला सगळीकडे ‘कॉमिक्स’ म्हणतात ती. आणि त्यातही घोडेस्वारांची, गुराख्यांची नि पिस्तुलांची चित्रकथा. मुलाच्या हातात असले पुस्तक दिसले की वडीलमाणसे ते काढून घेतात आणि यथावकाश ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, तराजूत घालण्यापूर्वी ते एकदा पाहावे. वाचावे असे आम्ही म्हणत नाही. पाहावे.

वाचणे आणि पाहणे यांत अंतर आहे. चित्रकथा वाचणारा बहुधा चित्र पाहतच नाही. त्याचा डोळा पात्रांच्या तोंडून निघालेल्या फुग्यांतली अक्षरे टिपतो, पुढे काय झाले म्हणून पुढच्या चौकटीवर उडी मारतो आणि अर्ध्या घटकेत गोष्ट संपवून मोकळा होतो. ज्याने ती चौकट काढली त्याने मात्र तीवर तासच्या तास घालवलेले असतात. घोड्याचा गुडघा, खोगिराचा पट्टा, टेकडीमागून आलेले ऊन हे सारे त्याने एकेका रेघेने उभे केलेले असते. वाचकाने त्याला दिलेला वेळ असतो दोन-तीन पळांचा. आज आपण मिळून जरा थांबू आणि त्या रेघेकडे पाहू.

कोणी विचारील, आम्ही कुठे चित्रकलेचे जाणकार? त्याला आमचे उत्तर असे की, आपण आहात. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. तिथला बैलबाजार साऱ्या ठाणे जिल्ह्यात आणि त्याबाहेरही प्रसिद्ध आहे. त्या बाजारात बैल पारखणारा शेतकरी काय करतो ते आठवा. तो आधी लांबून पाहतो. मग जवळ येऊन दात पाहतो, दोन दाती की चार दाती की जुळलेला ते ठरवतो. खूर पाहतो, वशिंड पाहतो, अंगावरचा भोवरा कुठे आहे ते पाहतो. आणि शेवटी म्हणतो, “जरा चालवून दाखवा.” बैल चार पावले चालला की त्याचा मागचा पाय नीट पडतो की ओढतो, हे त्याला कळते. ज्याच्या डोळ्याला एवढे कळते, त्याला चित्रातला घोडा खरा की खोटा हे कळणार नाही काय? कळेल, आणि शहरातल्या प्रदर्शनात छापील पत्रिका हातात घेऊन हिंडणाऱ्यापेक्षा लवकर कळेल. तीच नजर कागदावर वळवायची आहे.

नमुन्यासाठी आम्ही एक परदेशी चित्रमालिका निवडली आहे. तिचे नाव ‘सिस्को किड’. या नावाची मूळ कथा ओ. हेन्री या प्रसिद्ध अमेरिकन कथालेखकाने लिहिली. ती १९०७ साली त्याच्या संग्रहात आली. त्या कथेतला किड हा निर्दय खुनी आहे. पुढे चित्रपटवाल्यांनी त्याला उचलले, आणि १९२८ सालच्या ‘इन ओल्ड ॲरिझोना’ या बोलपटात ती भूमिका करून वॉर्नर बॅक्स्टर या नटाने ऑस्कर पारितोषिक मिळवले. हळूहळू खुन्याचा सज्जन झाला. तो दीनांचा कैवारी झाला, मेक्सिकन झाला, आणि त्याच्याबरोबर पांचो नावाचा एक लठ्ठ, खाण्यावर जीव असलेला सोबती आला. १९५० ते १९५६ या काळात ही जोडी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर घरोघर पोचली. तिच्याच लोकप्रियतेच्या भरात १५ जानेवारी १९५१ रोजी वर्तमानपत्रांतून तिची दैनिक चित्रमालिका सुरू झाली आणि १९६८ पर्यंत चालली. मजकूर रॉड रीड लिहीत असे. चित्रे काढीत होसे लुईस सालिनास.

हे सालिनास अमेरिकेचे नव्हते. ते दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशाचे. १९०८ साली ब्वेनोस आयर्स शहरी त्यांचा जन्म झाला आणि १९८५ साली ते वारले. ‘सिस्को किड’ हाती येण्यापूर्वीच आपल्या देशात त्यांचे नाव झाले होते. १९३६ पासून त्यांनी काढलेली एका समुद्री वीराची चित्रकथा तिथले वाचक आवडीने वाचत. अमेरिकन वृत्तपत्रांसाठी ते ब्वेनोस आयर्समध्ये बसून चित्रे काढीत आणि ती उत्तरेला रवाना करीत. त्यांच्या देशातही गवताची अफाट मैदाने आहेत, गुरांचे प्रचंड कळप आहेत, आणि घोड्यावर जन्म काढणारे ‘गाउचो’ नावाचे गुराखी आहेत. दुसऱ्या देशाचे चित्र काढताना आपल्या देशाचे घोडे त्यांच्या उपयोगी पडले असतील, असे मानायला हरकत नाही.

आता त्यांच्या चित्रात शिरू. पहिली गोष्ट घोडा. धावता घोडा काढणे किती अवघड आहे याची कल्पना इतिहासावरून येते. शतकानुशतके युरोपातले मोठमोठे चित्रकार धावता घोडा काढताना पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे असे ताणून काढीत. जणू लाकडी घोड्याला कोणी हवेत भिरकावले आहे. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा उघड झाले की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे जे रोज डोळ्यांसमोर घडत होते, तेच डोळ्याला दिसत नव्हते! सालिनासांचे घोडे मायब्रिजनंतरचे आहेत. त्यांचे पाय पोटाखाली गोळा होतात, मान पुढे झुकते, लगाम खेचला की तोंड वर होऊन मानेच्या शिरा ताठतात. आणि स्वार घोड्यावर नुसता ठेवलेला नसतो; त्याचे वजन खोगिरावर पडलेले असते, रिकिबीत पाय रुतलेला असतो. म्हशाच्या बाजारातला पारखी हे चित्र पाहून म्हणेल की, हे जनावर चालवून दाखवायला नको, ते चालतेच आहे.

दुसरी गोष्ट भूमी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येचा तो प्रदेश रखरखीत आहे. सपाट माथ्याचे एकाकी डोंगर, निवडुंग, मातीच्या भिंतींची घरे. जॉन फोर्ड या दिग्दर्शकाने १९३९ च्या ‘स्टेजकोच’पासून तिथल्या मॉन्युमेंट व्हॅलीतले उभे सुळके जगभर ओळखीचे करून टाकले. आपल्याला ते नवे वाटू नयेत. आसनगाव स्टेशनात उतरून माहुलीकडे पाहा. वजीर आहे, नवरा-नवरी आहेत, त्यांचे लग्न लावायला भटोबा आहे. तिकडे मुरबाडच्या अंगाला देहरीवरून गोरखगड आणि मच्छिंद्रगडाची टोके दिसतात. फरक दगडाचा आहे. तिकडचा दगड वाळूचा, तांबूस. आपला लाव्हारसाचा, काळा, थरावर थर चढलेला. पण सुळका काढणाऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच: एवढे मोठे धूड आगपेटीएवढ्या चौकटीत मावावे कसे, आणि मावूनही मोठे दिसावे कसे? सालिनास त्यासाठी दोन युक्त्या करतात. जवळचा घोडेस्वार जाड, काळ्या रेघेने काढतात आणि दूरचा डोंगर इतक्या बारीक रेघेने की तो हवेत विरघळल्यासारखा वाटतो. आणि रेघेची दिशा दगडाच्या घडणीप्रमाणे ठेवतात: कडा असेल तर रेघ उभी, उतार असेल तर तिरकी, माती असेल तर तुटक. वैशाखातल्या दुपारी माहुलीकडे डोळे बारीक करून पाहिले तर दूरचे डोंगर असेच फिकट होत गेलेले दिसतात. रेघ जाड-बारीक करण्याने मधली हवा काढता येते, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

तिसरी गोष्ट उजेड. इथे छापखान्याची थोडी माहिती सांगणे भाग आहे. त्या काळी वर्तमानपत्रातले रेघांचे चित्र जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून छापीत. अशा ब्लॉकला काळे कळते आणि पांढरे कळते. मधला राखी रंग त्याला कळत नाही. छायाचित्रासाठी ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक असे, पण रोजची चित्रमालिका म्हणजे रेघांचाच कारभार. तेव्हा गालावरची सावली दाखवायची तर ती रेघांनीच विणावी लागते. एका दिशेने बारीक रेघा, त्यांवर दुसऱ्या दिशेने रेघा, आणि जिथे अंधार हवा तिथे कुंचल्याने सरळ काळी शाई. सालिनासांची ही विणकामाची शैली पाहण्यासारखी आहे. त्यांची रेघ सावलीत जाड निघते आणि उजेडाकडे येता येता पिसाच्या टोकासारखी निमुळती होऊन नाहीशी होते. ज्या ठिकाणी ती नाहीशी होते, त्या कोऱ्या कागदालाच आपण ऊन म्हणतो. तिथे काहीच काढलेले नाही, आणि तरी सगळ्यात प्रखर तेच दिसते.

आमच्या या भागातील श्रोत्यांना दुसरे एक उदाहरण लगेच सुचेल. वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरू सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात देवी असते आणि घोड्यावर बसलेला पंचशिऱ्याही असतो. तिथे सावली नाही, ऊन नाही, जवळ-दूर नाही; दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो. तरीही तो नाचतो! सालिनास शेकडो रेघांनी जे करतात ते वारली स्त्री चार रेघांत करते, आणि दोघांच्याही हातून घोडा जिवंत उतरतो. यांत थोर कोण हा वाद आम्ही घालणार नाही. रेघेचे पीक कुठल्याही मातीत येते, एवढेच दाखवायचे आहे.

चौथी गोष्ट चौकटींची संगत. दैनिक मालिकेत रोज तीन-चार चौकटी. पहिलीत कालची आठवण द्यायची, मधल्यांत गोष्ट पुढे न्यायची, शेवटच्या चौकटीत उद्याची उत्सुकता लावायची. हे सतरा वर्षे, दिवसामागून दिवस. कीर्तनकाराने रोज तीन मिनिटांचे कीर्तन करावे आणि रोज श्रोत्यांनी दुसऱ्या दिवशी यावे, असा हा प्रकार आहे. सालिनास एका चौकटीत दुरून सारा देखावा दाखवतात, पुढच्या चौकटीत एकदम चेहऱ्यापाशी येतात, तिसरीत नुसता पिस्तुलाकडे सरकणारा हात. डोळ्याला पुढे-मागे हिंडवल्यामुळे एवढ्याशा पट्टीत मोठा मुलूख पाहिल्यासारखे वाटते.

मग इतक्या चांगल्या कामाची आठवण इतकी थोडी का राहिली? कारणे शोधण्यासारखी आहेत, कारण ती आपल्या घरालाही लागू पडतात. पहिले कारण, या मालिकेला रविवारचे रंगीत पान कधीच मिळाले नाही. ॲलेक्स रेमंडचा ‘फ्लॅश गॉर्डन’ १९३४ साली आणि हॅल फॉस्टरचा ‘प्रिन्स व्हॅलियंट’ १९३७ साली निघाला तो रविवारच्या मोठ्या, रंगीत पानावर; त्यामुळे त्यांची चित्रे लोकांनी चित्रे म्हणून पाहिली. दुसरे कारण कागद. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. बारीक रेघांचे विणकाम त्यावर बुजून काळा डाग होतो. त्यातच मालिकांसाठी मिळणारी जागा वर्षागणिक आकसत गेली. तिसरे कारण विषय. गुराख्यांची गोष्ट म्हणजे हलकी गोष्ट, आणि हलक्या गोष्टीचे चित्रही हलकेच असणार, असा सुशिक्षितांचा समज. चौथे कारण, चित्रकार दूरदेशी. ज्या शहरात कीर्ती वाटली जाते त्या शहरात तो राहत नव्हता. या शतकात या मालिकेचे संग्रह चांगल्या कागदावर पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा कुठे त्या रेघा नीट दिसू लागल्या.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या किंग फीचर्स संस्थेने ‘सिस्को किड’ चालवला, तिच्याच मालिका आपल्याकडे मुंबईमार्गे आल्या. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्या अंकात ली फॉकचा फँटम होता. मराठी वाचकाने त्याला वेताळ म्हणून घरात घेतले. कोकणात गावाच्या वेशीवर वेताळ राखण करतोच, त्यामुळे हे नाव परके वाटले नाही. मागून जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर भाषांतून हे अंक १९९० पर्यंत निघत राहिले. इंग्रजी अंकांची संख्याच आठशेच्या वर गेली.

या अंकांत चित्रांचे काय झाले? मूळ मालिका आडव्या पट्ट्यांची. तिची उभी पाने करायची म्हणजे चौकटी मागेपुढे कराव्या लागत, कुठे छाटाव्या लागत. त्यातून देवनागरी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या फुग्यात ती बसवणे म्हणजे नऊवारी पातळ पत्र्याच्या छोट्या पेटीत कोंबण्यासारखे. ज्या कारागिरांनी हे काम पंधरवड्यामागून पंधरवडे केले त्यांना आमचा नमस्कार असो.

पण इंद्रजालच्या इतिहासात आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्याचे मुखपृष्ठ. सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद या नावाने सही करणाऱ्या चित्रकाराने रंगवली. त्यांचे पूर्ण नाव गोविंद ब्राह्मणिया. आतली चित्रे अमेरिकन, पण दुकानाच्या दोरीवर लटकणाऱ्या अंकाकडे मुलाचा हात ज्यामुळे गेला ते चित्र आपल्या माणसाचे होते. आतली चित्रे छापखान्याच्या सपाट रंगांची. मुखपृष्ठ कुंचल्याने रंगात रंग मिसळून भरलेले. आतल्या वेताळाचा चित्रकार कोण, हे पुढे अभ्यासकांनी लिहून ठेवले: रे मूर, विल्सन मॅककॉय, साय बॅरी. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव मात्र ज्यांनी ते अंक उशाखाली ठेवून रात्री काढल्या त्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

याच गोविंद ब्राह्मणियांच्या हातून १९७६ च्या डिसेंबरात आपल्या मातीतला घोडेस्वार अवतरला. त्याचे नाव बहादूर. कल्पना आबिद सुरती यांची. स्थळ चंबळचे खोरे. त्याच्या आधीच्या वर्षी ‘शोले’ आला होता. आणि त्याच्याही आधी, १९७२ साली, जयप्रकाश नारायणांच्या पुढे चंबळच्या डाकूंनी खरोखरीच शस्त्रे खाली ठेवली होती. बहादूर हा डाकूचा मुलगा, आणि त्याला वाढवतो तो त्याच्या बापाला मारणारा पोलीस अधिकारी. मोठेपणी तो गावकऱ्यांना स्वसंरक्षणासाठी उभे करतो. तोंडावर बुरखा नाही, अंगी जादू नाही. केशरी कुडता आणि खाली जीनची विजार. तो पोशाखच सारे सांगतो. चित्र रचण्याची रीत परदेशातून आलेली, त्या रीतीत बसवलेले माणूस इथले.

आणि इथेच चित्रकाराची खरी कसोटी लागते. पाटलोणीच्या सुरकुत्या कशा काढाव्यात हे रेमंड आणि त्याच्या पंथातल्या चित्रकारांनी आधीच दाखवून ठेवले होते. पण धोतराच्या निऱ्या? मुंडाशाचे पीळ? पदर डोक्यावरून घेऊन घागर सावरणारी बाई? याचे आयते वळण कोणत्याही अमेरिकन मालिकेत नव्हते. ते स्वतः शोधावे लागले. आणि चंबळची घळ म्हणजे मॉन्युमेंट व्हॅलीतला खडक नव्हे. ती पावसाने चिरलेली माती. तिची कड कातीव नसते, ढासळती असते. तिथे कड्याची उभी, ताठ रेघ चालत नाही. परदेशी शैली घेतली असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही विचारू की या निऱ्या कोणाच्या घेतल्या? बहादूर पाहताना हे पाहावे.

ओघाने एक गोष्ट सांगतो, कारण ती शहापुरात सांगण्यासारखी आहे. ज्या आबिद सुरतींनी बहादूर निर्माण केला, त्यांनीच २००७ साली आपल्या ठाणे जिल्ह्यात मीरा रोड येथे गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम सुरू केले. रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघर जायचे आणि थेंब वाचवायचा. ज्या तालुक्यातले भातसा नि तानसा मुंबईची तहान भागवतात आणि ज्या तालुक्यातल्या पाड्यांवर याच दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या श्रोत्यांना त्या थेंबाची किंमत आम्ही सांगायला नको.

आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप असा की, या चित्रकथा भूमिपुत्रांचे विकृत चित्र रंगवतात. तो बहुतांशी खरा आहे. गोऱ्या माणसाच्या आधाराने जगणारे रानातले लोक, आरडाओरडा करीत धावून येणारे ‘रेड इंडियन’, हास्यासाठी ठेवलेला लठ्ठ मेक्सिकन. हे सारे त्यात आहे. ठाकर, कातकरी, वारली बांधवांच्या या तालुक्यांत तर हा प्रश्न मोठ्याने विचारला पाहिजे की, जंगलात राहणाऱ्याचे चित्र नेहमी जंगलाबाहेरच्यानेच का काढावे? ‘सिस्को किड’मध्ये नायकच मेक्सिकन आहे आणि बहादूरचे गावकरी स्वतः लढतात, एवढे श्रेय त्यांना द्यावे, पण आक्षेप त्याने संपत नाही. आमचे म्हणणे असे की, डोळे मिटून आक्षेपही नीट घेता येत नाही. चित्र बारकाईने पाहणाराच सांगू शकेल की अन्याय गोष्टीत आहे की रेघेतही उतरला आहे. नायकाचा चेहरा तासभर खपून काढला आणि रानातल्या माणसांचे चेहरे एका साच्यातून पाडले, हे त्यालाच दिसेल.

दुसरा आक्षेप असा की, ही पोटासाठी केलेली कामे. यांना कला का म्हणावे? यावर थोडक्यात उत्तर पुरे. पोटासाठी केलेला नांगर वाकडा असून चालत नाही. उलट तोच सरळ असावा लागतो.

आणि आता आम्ही ज्या गोष्टीकडे येणार होतो तिच्याकडे येतो. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गावापर्यंत जावे आणि तिथून नाणेघाट चढावा. माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. आत भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेध यज्ञांची आणि गाई-घोड्यांच्या दानांची त्यात नोंद आहे. समोरच्या भिंतीवर एके काळी राजकुटुंबाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या: सिमुक सातवाहन, सातकर्णी, खुद्द नागनिका, राजकुमार. आज त्या मूर्ती नाहीत. वर कोरलेली नावे मात्र आहेत. दोन हजार वर्षांत नावे राहिली आणि रूपे झिजून गेली.

चित्रकथांच्या बाबतीत नेमके उलटे झाले आहे. रूपे आहेत, आणि नावे गेली. वेताळाचा मुखवटा, बहादूरचा केशरी कुडता हजारो मराठी माणसांच्या स्मरणात आजही ताजा आहे, पण तो कोणाच्या बोटांतून उतरला हे विचारले तर सभा गप्प बसते. आणि रूपेही फार दिवस राहतील असे नाही. तो कागद स्वस्तातला; पिवळा पडतो, हातात मोडतो. नाणेघाटचा पाषाण दोन हजार वर्षे उभा राहिला. हा कागद ज्यांच्या माळ्यावर आहे त्यांच्या पुढच्या साफसफाईपर्यंत उभा राहील.

म्हणून आमची मागणी लहान आहे. घरात जुने अंक निघाले तर तराजूत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयात विचारावे. वाचनालयाने ते बांधून ठेवावेत आणि नोंदवहीत लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव लिहावे. दुसरे असे की, आपल्या शाळांतून दरसाल मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात. कलाशिक्षकांनी एखादे दिवशी त्यांच्यासमोर अशा चित्रकथेची एक चौकट ठेवावी, अक्षरे झाकावीत आणि विचारावे: ऊन कोणत्या बाजूने आले आहे? घोड्याचे वजन कोणत्या पायावर आहे? रेघ कुठे संपली? ज्या मुलाने म्हशाच्या यात्रेत बापाचा हात धरून बैलाचे खूर पाहिले आहेत तो मागच्या बाकावरून पहिला हात वर करील, असा आमचा अंदाज आहे. आणि वहीच्या कडेला घोडा काढताना तो सापडला तर ओरडण्यापूर्वी घोड्याचे पाय मोजावेत. चार असतील आणि बरोबर पडत असतील तर वही परत द्यावी.